मिठाची बरणी आधी

मावशीनं मिठाची बरणी उचलली आणि टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला, भिंतीला टेकवून ठेवली.

"ही टेकडी. ही अगदी शेवटी."

समोरच्या पाहुण्या बाईंनी मान हलवली. त्यांनी चहाच्या कपाच्या कडेवरून अंगठा फिरवून तो स्वच्छ आहे ना ते बघितलं आणि मगच कप तोंडाला लावला. काल संध्याकाळी आल्या आल्या पाण्याचा पेला हातात घेतला तेव्हाही त्यांनी असंच केलं होतं. चेहरा पार बदललेला, पाठीला बाक आलेला, आवाज चिरकलेला; पण अंगठा तोच होता. मावशीनं घासलेली किती भांडी या अंगठ्यानं परत मोरीत पाठवली होती, त्याची गणती नव्हती.

वन्सं. तिच्या नवऱ्याची थोरली बहीण.

त्यांनी मात्र तिला ओळखलं नव्हतं. कशी ओळखणार? त्यांच्या घरातून बाहेर पडली तेव्हा ती काडीसारखी होती, केस कमरेपर्यंत. आता अंगानं भरलेली, केस मानेपर्यंत कापलेले आणि पांढरेफटक, नाकावर जाड भिंगांचा चष्मा. शिवाय गावात तिला कुणी नावानं हाक मारत नव्हतं. वरच्या मजल्यावर दोन खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या मावशी, एवढीच तिची ओळख. खोली वन्संच्या मुलानं फोनवरून ठरवली होती. आई एकटीच येतेय, एक दिवस गाव बघेल, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत, तेवढं तिला नीट सांगा, म्हणाला होता.

नीट सांगणं हेच तर मावशीचं काम होतं.

"मग पहिलं काय?" वन्संनी विचारलं.

"पहिलं तळं." मावशीनं बशी पुढं सरकवली. "सकाळी नावेत बसायचं. मग हा पाण्याचा जग, म्हणजे घड्याळाचा मनोरा. मग साखरेचा डबा, हा राजवाडा. आणि हा काचेचा पेला म्हणजे काचघर. बागेत आहे, आत दूरदूरची झाडं आणून लावलीयत."

"आणि मग टेकडी."

"मग टेकडी."

वन्सं टेबलावरच्या भांड्यांकडे बघत राहिल्या. जरा जास्तच वेळ. मग म्हणाल्या, "या गावाबद्दल पूर्वी फार ऐकलं होतं मी."

"असं? कुणाकडून?"

"होती आमच्या घरात एक."

मावशीनं फडकं उचलून टेबलावरचं न सांडलेलं पाणी पुसलं. होती एक. जशी एखादी मोडकी खुर्ची होती, नंतर कुठं गेली कुणास ठाऊक.

"तुम्ही म्हणाल तसं," वन्सं उठता उठता म्हणाल्या. या तोंडून हे शब्द तिनं पहिल्यांदाच ऐकले. एरवी ती पाहुण्यांना दारात छत्री द्यायची, पाण्याची बाटली भरून द्यायची, पायातल्या चपला बघून बूट घाला म्हणायची. आज तिनं काहीच केलं नाही. पातळ चपला घालून, उघड्या डोक्यानं वन्सं रिक्षात बसल्या आणि मावशीनं दार लावून घेतलं.

गाव तसं एका दिवसाचं, पण दिवस नीट लावता आला तर. इथल्या प्रत्येक जागेचा आपला स्वभाव होता. टेकडीवरच्या पायऱ्या काळ्या दगडाच्या, एकदा तापल्या की पाय ठेववत नसे, आणि वर जायचं फाटक दिवस कलायच्या आधीच बंद, कारण रस्त्याला दिवे नव्हते. काचघराचा माळी सकाळी पाणी घालून झालं की दार ओढून घ्यायचा. आतली ओल जाते म्हणे. राजवाड्यात अजून माणसं राहत होती. त्यांची जेवायची वेळ झाली की बघायला आलेल्यांना बाहेर काढून कुलूप लावत. मनोऱ्याचं दार फक्त भर दुपारी, घड्याळाला किल्ली द्यायला माणूस यायचा तेव्हाच उघडायचं. आणि नावाडी दुपारची झोप झाल्याशिवाय नावांच्या साखळ्या सोडायचे नाहीत. या क्रमानं गेलात तर दिवसभर एकेक दार आपल्यासाठीच उघडत गेल्यासारखं वाटायचं. कितीतरी लोक हातातला मोबाइल खिशात टाकून तिच्या टेबलाशी येऊन बसत, भांड्यांची मांडणी बघत, आणि संध्याकाळी परत येऊन म्हणत, मावशी, तुम्ही नसतात तर आमचा दिवस फुकट गेला असता.

फुकट कसा घालवायचा, हेही तिलाच माहीत होतं. मांडणी उलटी करायची, बस.

ती सासरी होती तेव्हाही हा खेळ मांडायची. स्वतःचा नवरा गेल्यावर वन्सं दोन मुलं घेऊन माहेरी परत आल्या होत्या आणि त्यांनी घर ताब्यात घेतलं होतं. ती पोरं जेवायला बसली की हट्ट करायची, मामी, तुझं गाव मांड. मग ती वाट्या, पेले, पळी ओळीनं लावायची. वन्सं ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या असायच्या. भाजी चिरता चिरता म्हणायच्या, "आला का भूगोल?" तेच तिचं नाव पडलं. भूगोल, पाणी आण. भूगोल, कपडे वाळत घाल. नवराही हसायचा. तिलाही सुरुवातीला हसू यायचं.

मग धाकट्या दिराचं लग्न निघालं. घर पाहुण्यांनी भरून गेलं, झोपायला जागा नाही, दिवसभर चूल थंड होत नव्हती. त्या गर्दीत शेजारच्या दुकानात फोन आला. आईचं काही खरं नाही, लेकीला लगेच पाठवा. फोन वन्संनी घेतला. घेतला आणि पोटात ठेवला. पाहुणे पांगले, भांडी घासून झाली, जाजमं झटकून गुंडाळून ठेवली, तेव्हा पदराला हात पुसत वन्सं म्हणाल्या, "अगं, तुझ्या गावाहून निरोप आला होता."

ती पोचली तेव्हा घराला कुलूप होतं. शेजारीण किल्ली घेऊन बाहेर आली आणि तिच्याकडे बघून म्हणाली, "जरा आधी आली असतीस तर." आई शेवटपर्यंत दाराकडे डोळे लावून होती म्हणे.

ती परत गेलीच नाही. नवरा एकदा न्यायला आला. दारात उभा राहून म्हणाला, ताईचं चुकलं असेल, पण घरात कार्य होतं ना. तिनं त्याला पाणी दिलं आणि दार लावलं. तो वारल्याचंही तिला कुणाकडून तरी बऱ्याच महिन्यांनी कळलं. तेव्हा तिला रडू आलं नाही. जरा आधी कळलं असतं तर आलं असतं का, हा विचार मात्र आला.

आणि आता ती बाई आपल्या पायांनी चालत तिच्या टेबलाशी आली होती.

पहिला फोन रिक्षावाल्याचा आला तेव्हा मावशी डाळ निवडत होती. पाहुण्यांना फिरवायचं काम तो तिच्यासाठी कितीतरी वर्षं करत होता आणि तोंडाचा फटकळ होता.

"मावशी, तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"तळ्यावर आलोय. नावा साखळीला, नावाड्यांचा पत्ता नाही. तुम्हीच मला शिकवलंत ना, दुपार कलल्याशिवाय तळ्याकडं फिरकायचं नाही?"

"आज असंच आहे. मी सांगितलंय तसं ने."

"नेतो हो. शिव्या मी खातो, तुम्ही डाळ खा."

"देतायत का शिव्या?"

"नाही ना, तेच तर. फाटकाला हात लावून उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या चला."

मनोऱ्यापाशीही तेच. किल्लीवाला यायला थोडाच वेळ आहे, थांबू या, असं रिक्षावाला स्वतःहून म्हणाला होता. "तर मला म्हणतात, मावशींनी पुढं जायला सांगितलंय. मी म्हटलं, अहो, वर गेलात तर अख्खं गाव ताटात वाढल्यासारखं दिसतं. नाहीच ऐकलं. कसली पाहुणी पाठवलीत? शाळेतल्या मुलीसारखी वागतेय."

"मग तू मास्तर हो," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला. पण डाळीतला एक खडा तिनं दोनदा निवडला, तिच्या लक्षात आलं नाही.

राजवाड्याच्या फोनची ती वाटच बघत होती. पहिली दोन दारं नुसती बंद होती. खरं दार हे होतं. इथं माणसाच्या डोळ्यांदेखत कुलूप लागायचं.

"लागलं," रिक्षावाला म्हणाला. "आम्ही उतरायला आणि पहारेकऱ्यानं किल्ली फिरवायला."

"काही म्हणाला का?"

"कोण, पहारेकरी? तो काय म्हणणार. जरा आधी आला असतात तर, म्हणाला."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, जरा आधी आला असतात तर."

"त्यांना म्हणाला की तुला?"

"त्यांना. तोंडावर. मावशी, ऐकू कमी येतंय का तुम्हाला?"

"परत सांग."

त्यानं परत सांगितलं. मावशीनं फोन कानाशी धरून डोळे मिटून घेतले. मग ती जेवायला बसली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. ताट बोटानं पुसून घेतलं. ताट धुताना ती गुणगुणत होती. स्वतःचाच आवाज ऐकून ती गप्प झाली आणि मग पुन्हा गुणगुणू लागली, जरा मोठ्यानं.

बाहेर ऊन भाजून काढत होतं. काचघराची वेळ सरून गेली होती. आता त्या बागेच्या कडेकडेनं चालत असतील, पातळ चपलांतून. मग टेकडी. पायऱ्या चढून जायचं आणि वरच्या फाटकाशी पहारेकरी सामान आवरताना भेटायचा. दिवसभर मावशी मनातल्या मनात संध्याकाळचा प्रसंग लावत होती. वन्सं चिडून येतील. चिडतीलच, त्यांचा स्वभाव. म्हणतील, कसलं सांगणं तुमचं, एक दार उघडं मिळालं नाही. तेव्हा आपण शांतपणे म्हणायचं, जरा आधी गेला असतात तर. आणि मग चष्मा काढून त्यांच्याकडे बघायचं. बास. आणखी एक शब्दही नाही. त्यांचा चेहरा कसा होईल, ते तिनं इतक्यांदा बघितलं की आता तो प्रसंग होऊन गेल्यासारखाच वाटत होता.

टेकडीवरून रिक्षावाल्याचा फोन आला. "इथंही बंद. मला घरी पाठवून दिलंय त्यांनी. म्हणाल्या, मी येईन माझी माझी. मावशी, एक बोलू?"

"बोल."

"तुमची काही भानगड असेल ती असो. पण पुढच्या वेळी मला नका पाठवू."

त्याच्या आधी तिनंच फोन ठेवला.

दिवेलागणीलाही वन्सं आल्या नाहीत. रस्त्यावरचे दिवे लागले, समोरच्या शिंप्यानं दुकान बंद केलं, तरी नाही. मावशी दोनदा दारापर्यंत जाऊन आली. काळजीनं नव्हे, असं तिनं स्वतःला सांगितलं. एवढा मांडलेला प्रसंग वाया जायला नको म्हणून.

त्या आल्या तेव्हा चपला त्यांच्या हातात होत्या. एकीचा पट्टा तुटला होता. पाय धुळीनं राखाडी झाले होते, कपाळ आणि नाक उन्हानं लाल. त्या सरळ टेबलाशी येऊन सकाळच्याच खुर्चीवर बसल्या. भांडी अजून तिथंच होती. मावशीनं मुद्दाम हलवली नव्हती.

"बघून झालं गाव?" मावशीनं विचारलं. आवाज तिनं जपून ठेवला होता तसाच निघाला.

वन्संनी हात लांब करून भिंतीजवळची मिठाची बरणी ओढली आणि आपल्या पुढ्यात ठेवली. तिच्या शेजारी काचेचा पेला. मग साखरेचा डबा. मग जग. शेवटी बशी.

"टेकडी आधी, पायऱ्या तापायच्या आत," त्या म्हणाल्या. लहानपणी पाठ केलेलं म्हणावं, तसं. "मग काचघर, माळ्यानं दार ओढायच्या आत. राजवाडा, आतली माणसं जेवायला बसायच्या आत. मनोरा, किल्लीवाला येईल तेव्हा. आणि तळं शेवटी, नावाडी डोळे चोळत उठले की." त्यांनी टेबलावर इकडंतिकडं बघितलं. "काडेपेटी आहे का ग?"

मावशीनं ओट्यावरची काडेपेटी आणून दिली. का दिली, तिला कळलं नाही. वन्संनी ती जगाच्या मागे, अगदी चिकटून ठेवली.

"आणि ही आमची गल्ली. असं म्हणून संपवायचीस तू. पोरं टाळ्या वाजवायची."

बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मावशीनं खुर्चीची पाठ धरली. तिला त्या घरातला ओटा दिसला, चिरायची फळी दिसली, आणि तिच्याकडे केलेली ती पाठ. ती पाठ ऐकते आहे, असं तिला तेव्हा कधी वाटलं नव्हतं.

"सकाळीच का नाही बोललात?"

"तू मांडत होतीस. म्हटलं, मांडू दे."

"आणि गेलात."

"गेले."

"मनोऱ्यापाशी थांबायचं होतंत. रिक्षावाला म्हणत होता."

"तू पुढं जा म्हणाली होतीस."

मावशीच्या तोंडाला कडू चव आली. दुपारी जे ताट तिनं बोटानं पुसून खाल्लं होतं, ते या बाईनंच वाढलेलं निघालं. तिथंही तिचंच राज्य. सूड घेऊ द्यायचा की नाही, तेही त्यांनीच ठरवायचं.

"माफी मागायला आलात?"

"नाही." वन्संनी बशीच्या कडेवरून अंगठा फिरवला. "मागून काय होतंय. घरात माणसं होती, कामाला हात नव्हते. मला वाटलं, दोन दिवसांनी सांगितलं तर काय बिघडतंय."

"बिघडलं."

"हो."

एवढंच. मावशीला वाटलं होतं, हा शब्द ऐकला की आत काहीतरी सुटेल. काही सुटलं नाही. राग होता तिथंच होता, फक्त त्याला टेकायला आता काही उरलं नव्हतं.

"आणखी एका ठिकाणी जाऊन आले," वन्सं म्हणाल्या. त्यांचं बोट काडेपेटीवर होतं. "हे तू सकाळी मांडलं नव्हतंस. विचारत विचारत गेले. तुझ्या आईच्या घरात आता चष्म्यांचं दुकान आहे."

"माहीत आहे मला."

"ते उघडं होतं."

मावशीनं फडक्याची घडी घातली.

"दिवसभरात तेवढंच. दुकानदार भला माणूस, आत या म्हणाला, बसा म्हणाला. नाही गेले. समोर उभी राहिले, त्यानं दुकान बंद करेपर्यंत."

त्या टेबलावर हात टेकून उठल्या. जिन्याच्या पहिल्या पायरीवर क्षणभर थांबल्या, वळल्या नाहीत.

"भूगोल पक्का आहे अजून तुझा," म्हणाल्या. "उलटा मांडलास तरी कुठं चुकला नाही."

वरची खोली उघडल्याचा आवाज आला, मग कडीचा.

मावशीनं पाणी तापत ठेवलं. दिवसभर फिरून आलेल्या पाहुण्याच्या खोलीबाहेर गरम पाण्याची बादली ठेवायची, ही तिच्या घरची रीत होती. पाय बुडवून बसा, म्हणायची, उद्या चालता येईल. आज तिनं ते करायचं नाही असं सकाळीच ठरवलं होतं. पाणी उकळायला लागलं. तिनं ते बादलीत ओतलं, थंड मिसळलं, हात घालून बघितलं. मग टेबलावरची पहिली वस्तू उचलली, मिठाची बरणी, आणि मूठभर मीठ पाण्यात टाकलं. थोडं थांबून आणखी एक मूठ.

बादली घेऊन ती जिना चढली. दारासमोर ठेवली. वाफ दाराच्या फळीवर चढत होती. आतून पलंगाची करकर आली. बाई जाग्या होत्या.

रोज ती टकटक करून म्हणायची, पाणी ठेवलंय हो. तिनं हात उचलला. बोटं दारापासून चार अंगुळं लांब असतील. तो हात तसाच धरून ती उभी राहिली, मग तिनं तो खाली घेतला, पदराला पुसला आणि पाय न वाजवता जिना उतरून आली.

खाली टेबलाशी बसून ती वरच्या कडीच्या आवाजाची वाट बघू लागली. पाणी निवायला अजून वेळ होता.